ओट्यावरचा ग्रॅनोला: नाशिकच्या घरातल्या प्रकल्प नोंदी

2 फेब्रुवारी

उद्दिष्ट आधी लिहून ठेवते. घरी नाश्त्याला रोज चालेल असा ग्रॅनोला करायचा, म्हणजे ओट्स, पोहे, दाणे आणि बियांना थोडे तेल-गोड लावून भाजलेला कुरकुरीत पदार्थ. 40 ग्रॅमच्या वाटीत वरून घातलेले गोड 4 ग्रॅमच्या आत, तेल 3 ग्रॅमच्या आत, आणि चावताना कुरकुर आवाज आला पाहिजे. शेवटची अट लेकीची आहे आणि ती बरोबरच आहे. मऊ पडलेली बरणी कोणी उघडत नाही.

निमित्त अण्णांच्या रिपोर्टचे. एचबीए1सी (रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी) 6.1 आले, म्हणजे 5.7 ते 6.4 या मधुमेहाच्या आधीच्या पट्ट्यात. त्याच आठवड्यात लेकीने आणलेले ग्रॅनोलाचे पाकीट उलटे करून वाचले. 100 ग्रॅममागे साखर 24 ग्रॅम. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, त्यामुळे ओट्स पहिले दिसतात आणि आपण खूश होतो. पण गोड तीन नावांत विभागलेले होते: आधी साखर, मग मध, मग माल्टचा अर्क. तिन्हींचे वजन एकत्र धरले तर यादीत ते बरेच वर चढेल. पुढची चित्रे न बघता मागची 'ॲडेड शुगर' ही ओळ आधी वाचायची, असे घरात सगळ्यांना सांगितले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या मार्गदर्शनानुसार अशी साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या 10 टक्क्यांखाली ठेवावी, जमल्यास 5 टक्क्यांखाली. 2000 किलोकॅलरीच्या आहारात 5 टक्के म्हणजे दिवसभरात 25 ग्रॅम. मधही यातच धरतात. गुळाला मी वेगळा न्याय लावणार नाही. त्यात थोडी खनिजे असतात हे खरे, पण आपण घालतो त्या चमचाभरात ती किती येणार? उष्मांक मात्र साखरेच्या जवळपास तेवढेच येतात.

5 फेब्रुवारी

थोडा पूर्वेतिहास वाचला. तो उपयोगी निघाला. 1863 मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल इथे जेम्स कॅलेब जॅक्सन यांनी आपल्या आरोग्यधामातल्या रुग्णांसाठी 'ग्रॅन्युला' केला. कोंड्यासकटच्या गव्हाच्या पिठाच्या वड्या भाजायच्या, मोडायच्या, पुन्हा भाजायच्या. इतक्या कडक व्हायच्या की रात्रभर भिजवल्याशिवाय खाता येत नसत. पुढे जॉन हार्वी केलॉग यांनी गहू, ओट्स आणि मका घेऊन तसाच पदार्थ केला आणि नावावरून वाद झाल्यावर त्याला 'ग्रॅनोला' म्हटले.

म्हणजे मुळात यात ओट्सची सक्ती नव्हती आणि मधाचा थर तर नव्हताच. कायम होती ती दोनदा भाजण्याची क्रिया, पाणी पुरते घालवण्यासाठी. त्यामुळे ज्वारी आणि नागली (नाचणी) घेतली तर आपण काही बिघडवत नाही.

8 फेब्रुवारी

रविवार कारंजा ते भद्रकाली पायी फिरून सामान आणले. जाड रोल्ड ओट्स घेतले. झटपट शिजणारे घ्यायचे नाहीत. ते पातळ कापलेले असतात, ढवळताना त्यांचा चुरा होतो आणि तो चुरा सगळ्यांत आधी करपतो. ज्वारीचे पोहे, नागलीचे पोहे, दाणे, बदाम, भोपळ्याच्या बिया, जवस, तीळ. पेठ-सुरगाणा भागातल्या बचत गटाच्या बायका नागलीबरोबर खुरासणी (कारळे) विकायला बसल्या होत्या. तीही थोडी घेतली, चटणीसाठी.

ज्वारीच्या लाह्या घ्याव्यात की पोहे, हे भडभुंज्या काकांना विचारले. त्यांनी विचारले, दुधात घालून खाणार की कोरडे? दुधात म्हटल्यावर म्हणाले, "मग लाही नको, ती दूध लागताच बसते. पोहे घ्या. आणि ताई, पोह्याला आधी ऊन दाखवा, मग जाळ." चिवड्याचे पोहे आपण उन्हात तापवून घेतो, तेच हे. लिहून घेतले.

15 फेब्रुवारी

तेलाची परीक्षा. एकच मिश्रण तीन छोट्या ताटांत, ओटीजीत (छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) 150 अंशांवर, मधल्या कप्प्यात. एका ताटात तेल नाही, एकात घाण्याचे शेंगदाणा तेल, एकात तूप.

बिनतेलाचा ग्रॅनोला कोरडा झाला, पण कुरकुरीत नव्हे. दातांना पिठूळ लागत होता आणि दालचिनीची पूड बरणीच्या तळाशी जाऊन बसली. तेल तीन कामे करते: उष्णता पोह्याच्या पापुद्र्यापर्यंत सारखी नेते, मसाला धरून ठेवते आणि पृष्ठभाग खुसखुशीत करते. पण त्याला फार तेल लागत नाही. साधारण 800 ग्रॅमच्या घाण्याला 50 ग्रॅम पुरले. याहून जास्त घातलेले तेल ताटाला लागते, चवीला नाही.

तुपाचा वास गरम असताना घरभर दरवळला. आईंना तोच आवडला. पण थंड दुधात घातल्यावर तूप थिजले आणि टाळूला मेणासारखा थर बसला. कोमट दुधाबरोबर खाणाऱ्यांनी तूप जरूर घ्यावे. आमच्याकडे लेक फ्रिजमधल्या दह्याबरोबर खाते, म्हणून शेंगदाणा तेल नक्की केले.

22 फेब्रुवारी

आज गोडाचा दिवस, आणि माझ्या मते सगळा प्रश्न इथेच आहे.

बहुतेक कृतींमध्ये गोड भरपूर असते, कारण ते एकाच वेळी चव, रंग आणि गठ्ठे या तिन्हींची जबाबदारी घेते. गोड कमी केले की या तिन्ही कामांना दुसरे कोणीतरी लावावे लागते. रंगासाठी वेळ द्यायचा: आच मंद, भाजणे लांब. चवीसाठी चिमूटभर मीठ, वेलची, सुंठ आणि दालचिनी. मीठ असले की तेवढाच गूळ जास्त गोड लागतो. गठ्ठ्यांसाठी परदेशी कृतींत अंड्याचा पांढरा भाग फेसून घालतात. आमच्याकडे अंडे चालत नाही, म्हणून जवस. एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात पंधरा मिनिटे ठेवली की बुळबुळीत होते, तीच चिकटवते. शिवाय सबंध जवस न पचताच पुढे जातो, पूड केलेला अंगी लागतो. पूड मात्र ताजी करायची. तिच्यातले तेल हवेने लवकर खवट होते.

गूळ, काकवी आणि मध, तिन्ही घेऊन बघितले. मध चवीला छान, पण लवकर काळपट होतो आणि ग्रॅनोला चिकट राहतो. तो हवेतले पाणी ओढून घेतो. काकवी सोयीची, पाणी न घालता थेट तेलात मिसळते. गुळाला थोडे पाणी घालून विरघळवावे लागते, पण भाजल्यावर सगळ्यांत कोरडा तोच झाला. गूळ घेतला, 70 ग्रॅम.

पाक किती पुढे न्यायचा हे आईंना बरोबर माहीत. संक्रांतीच्या लाडवांना त्या पाण्यात गोळी टाकून पाक बघतात. आज शेजारी उभ्या राहून म्हणाल्या, "अगं, गोळीबंद नको करूस, चिक्की होईल. गूळ विरघळला, एक उकळी आली की उतरव." तसेच केले. पातळ पाक सगळ्या पोह्यांना पुसट लागतो आणि कमी पुरतो. घट्ट पाक चार ठिकाणी ढेकूळ करून बसतो आणि मग आपण अजून पाक वाढवत राहतो.

1 मार्च

भाजण्याची रीत बसली. 150 अंश, एकूण 40 मिनिटे. पहिल्या 20 मिनिटांनंतर एकदा हलक्या हाताने खालचे वर करायचे, कडेचे मध्ये आणायचे. मग वाटीच्या बुडाने दाबून सपाट करायचे आणि पुन्हा हात लावायचा नाही. भोपळ्याच्या बिया आणि तीळ लवकर होतात, ते या मधल्या टप्प्यावर घालायचे.

नागलीच्या पोह्यांचा रंग मुळातच तपकिरी, त्यांच्यावरून भाजणे कळत नाही. ओट्सकडे बघायचे: कडा सोनेरी, मध्य फिका. बाहेर काढताना ग्रॅनोला मऊच लागतो. इथे पुष्कळ जण घाबरून आणखी दहा मिनिटे देतात आणि बदाम कडू होतात. कुरकुर थंड झाल्यावर येते, कारण गुळाचा थर गरम असताना लवचिक आणि निवल्यावर काचेसारखा कडक होतो. ताट जाळीवर ठेवायचे, तासभर झाकायचे नाही, हलवायचे नाही. मग तुकडे करायचे.

विजेचा हिशोब अण्णांनी विचारला. 1500 वॅटचा ओटीजी, तापवण्यासकट पाऊण तास. कांडी सतत चालू राहिली तरी सव्वा युनिटच्या आत, आणि ती सतत चालू नसतेच.

8 मार्च

दिंडोरी तालुक्यात मामांच्या मळ्यावर गेलो. द्राक्षांचा हंगाम भरात. निर्यातीच्या मापात न बसणाऱ्या थॉम्पसन सीडलेसच्या घडांचे ते थोडे बेदाणे करतात. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुडवून काढतात. त्यामुळे सालीवरच्या मेणाला बारीक भेगा पडतात आणि आतले पाणी भराभर बाहेर पडते. मग शेडमध्ये जाळ्यांवर, सावलीत, साधारण दोन आठवडे. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा होतो. पिवळाधमक राहावा म्हणून गंधकाची धुरी देतात. मामांनी घरच्यासाठी बिनधुरीचा, तपकिरी बेदाणा वेगळा ठेवला होता, तोच आणला. ग्रॅनोलात रंगाला काय करायचे? चव खोल आहे.

बेदाणा ओटीजीत घालायचा नाही. फुगतो, मग कडक आणि कडवट होतो. आणि बरणीतही एकत्र ठेवायचा नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. बेदाण्यात साधारण 15 टक्के पाणी असते, भाजलेल्या ओट्समध्ये अगदी थोडे. झाकण कितीही घट्ट असले तरी आतल्या आत पाणी एकाकडून दुसऱ्याकडे जाते: बेदाणा वाळतो, ओट्स सादळतात. दोन बरण्या ठेवायच्या आणि वाटीत घेताना एकत्र करायचे. यामुळे अण्णांच्या वाटीत बेदाणे मोजून घालता येतात हा दुसरा फायदा. बेदाण्याच्या वजनाचा साठ टक्क्यांहून जास्त भाग साखरच असते. ती फळाची असली तरी त्यांच्या हिशोबात धरायची.

23 मार्च

रंगपंचमीच्या गडबडीनंतर आज निवांत बसून आकडे मांडले. 40 ग्रॅमच्या एका वाटीत, बेदाण्यांसकट: साधारण 185 किलोकॅलरी, प्रथिने 5 ग्रॅम, तंतू 3 ग्रॅमच्या थोडे वर, गूळ साडेतीन ग्रॅम, तेल अडीच ग्रॅम. उद्दिष्टात बसले.

पण आणखी दोन आकडे काढले. ते सांगायलाच हवेत.

ओट्स कोलेस्टेरॉलला चांगले म्हणतात ते त्यातल्या बीटा-ग्लुकनमुळे. त्यासाठी दिवसाला 3 ग्रॅम बीटा-ग्लुकन लागते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1997 मध्ये हाच आकडा धरून ओट्सवर तसा दावा छापायला परवानगी दिली. ओट्समध्ये ते साधारण 4 टक्के असते. आमच्या वाटीत ओट्स 15 ग्रॅम, म्हणजे बीटा-ग्लुकन जेमतेम 0.6 ग्रॅम. ग्रॅनोलाची एक वाटी खाऊन कोलेस्टेरॉल उतरेल असे मी कोणाला सांगणार नाही. ज्याला तो फायदा हवा त्याने ओट्सची लापशी खावी, भरपूर.

नागलीचेही तसेच. 100 ग्रॅम नागलीत सुमारे 364 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हा आकडा आपल्या धान्यांत खूप मोठा आहे. पण वाटीत नागलीचे पोहे येतात दीड ग्रॅम. कॅल्शियम साडेपाच मिलिग्रॅम! वरून ओतलेल्या दुधातून त्याच्या कितीतरी पट मिळते. मग नागली का घालायची? खमंगपणासाठी. ते कारण मला पुरेसे आहे. कॅल्शियमसाठी नागलीची भाकरी करावी, तिच्यात ती मुठीने जाते.

ग्रॅनोला पौष्टिक आहे की नाही हे त्यात काय काय घातले यापेक्षा गोड किती आणि वाटी केवढी यावर ठरते. अण्णांच्या डॉक्टरांनीही आमची यादी ऐकून घेतल्यावर एकच विचारले: "किती ग्रॅम?" पसरट बाऊलमध्ये सहज ओतले तर 90 ग्रॅम जातात, मी काट्यावर मोजले आहेत. 400 किलोकॅलरीच्या वर, आणि नाश्ता अजून सुरूच.

12 एप्रिल

ऊन कडक. गच्चीवर सुती कापड पसरून ओट्स आणि दोन्ही पोहे दोन तास तापवले, वर पातळ ओढणी. हातात घेतले की पोहे खुळखुळतात. मग पाक लावून ओटीजीत. आज 30 मिनिटांतच 1 मार्चसारखा रंग आणि कुरकुर आली. भडभुंज्या काकांचे म्हणणे खरे ठरले. ओलावा आधीच गेलेला असतो, ओटीजीला फक्त रंग आणायचा राहतो.

19 एप्रिल

समोरच्या वहिनींकडे ओटीजी नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात जाड बुडाच्या लोखंडी कढईत करून बघितले. क्रम बदलावा लागतो. आधी दाणे आणि बदाम कोरडे भाजून काढायचे, मग बिया, मग तीळ, तडतडले की लगेच काढायचे. मग कढईत तेल, त्यात ओट्स आणि पोहे, मंद आचेवर 15 मिनिटे सतत परतायचे. शेवटी पातळ पाक शिंपडून आणखी 8 ते 10 मिनिटे, उलथन्याला चिकटणे थांबेपर्यंत. ताटात पसरून निववायचे.

गठ्ठे होत नाहीत, सुटा होतो. चिवड्यासारखा. वहिनींना तसाच हवा होता, मुले येता-जाता मूठभर खातात. खरपूसपणा तर कढईचा जास्त चांगला. मात्र जागा सोडून चालत नाही, फोन आला तरी.

18 जून

पाऊस लागला. सकाळी खिडकीच्या काचा आतून ओलसर. आता खरी कसोटी.

काल रात्री 100 ग्रॅम ग्रॅनोला उघड्या ताटलीत ओट्यावर ठेवला, 100 ग्रॅम रबराची कडी असलेल्या काचेच्या बरणीत. सकाळी ताटलीतला 104 ग्रॅम भरला. ते चार ग्रॅम नुसते हवेतले पाणी, आणि तेवढ्याने तो चामट झाला होता. बरणीतला जसाच्या तसा. ताटलीतला 120 अंशांवर 12 मिनिटे ठेवून निववला तर पुन्हा कुरकुरीत झाला, चवीत फरक नाही. सादळलेला ग्रॅनोला टाकून द्यायचा नाही, एवढे यातून नक्की झाले. खवट वास येत असेल तर मात्र टाकायचाच, तो दोष तेलाचा असतो आणि भाजून जात नाही.

पावसाळ्यासाठी तीन बदल: घाणा निम्मा, आठवडाभर पुरेल एवढाच. मोठ्या बरणीत ओला चमचा किंवा हात जाऊ नये म्हणून रोजच्यासाठी छोटी बरणी वेगळी. आणि भाजल्यावर ओटीजी बंद करून दार थोडे उघडे ठेवून ताट आतच निववायचे, कारण बाहेरची हवाच ओली असते.

5 जुलै

उद्या आषाढी. आईंना उपासाला चालेल असा वेगळा घाणा. ओट्स, ज्वारी, नागली, जवस, दालचिनी सगळे बाद. राजगिऱ्याच्या लाह्या, दाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, बदाम, वेलची, गूळ आणि तूप. लाह्या आधीच फुललेल्या, म्हणून 130 अंश आणि 15 मिनिटेच. चिकटवायला जवस नाही, तेव्हा इथे पाक थोडा पुढे न्यावा लागला, एकतारीच्या जवळ. गोड जास्त झाले, वाटीला 7 ग्रॅमपर्यंत. हे उपासापुरते ठीक आहे, रोजच्या बरणीत जाणार नाही. बाजारातल्या राजगिरा वडीपेक्षा दाणे आणि खोबरे भरपूर असल्याने पोटाला आधार राहतो, असे आईंचे म्हणणे.

13 जुलै

प्रमाण आता पक्के, कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहे. रोल्ड ओट्स 300 ग्रॅम, ज्वारीचे पोहे 70, नागलीचे पोहे 30, दाणे 60, बदाम 60, भोपळ्याच्या बिया 40, जवस 30 आणि तीळ 30, शेंगदाणा तेल 50, गूळ 70 आणि त्याला पाऊण वाटी पाणी. जवसातली एक मोठा चमचा पूड चिकटवण्यासाठी, बाकीची कोरड्यात. मीठ अर्धा चमचा, सुंठ-वेलची-दालचिनी आवडीप्रमाणे. बेदाणे 80 ग्रॅम, वेगळ्या बरणीत. पावसात सगळे निम्मे.

लेकीने गूळ आणखी कमी करून बघ म्हटले, 50 ग्रॅम. चव चालली, पण गठ्ठे विरळ झाले. तिला गठ्ठेच लागतात, म्हणून 70 वरच थांबले. अण्णांच्या वाटीत गठ्ठ्यांची गरज नाही, त्यांचा घाणा 50 चा करते.

भाची पुण्याला होस्टेलवर परत जाते आहे, तिच्यासाठी दोन बरण्या भरल्या. झाकणावर केल्याची तारीख, आणि महिन्याच्या आत संपव अशी चिठ्ठी. तिच्याकडे काटा नाही, म्हणून 40 ग्रॅम काठोकाठ मावतील अशी स्टीलची छोटी वाटी शोधून बरोबर दिली.

पुढे: दिवाळीनंतर पेठकडची नवी खुरासणी आली की तिळाच्या जागी निम्मी घालून बघायची. भाजल्यावर कडवटपणा किती उतरतो ते तेव्हा कळेल.